वायरचा कंटाळा, वायरलेसची धास्ती: ईव्हीच्या बिनवायर चार्जिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता: "रात्रभर लावून ठेवली तर पेट नाही ना घेणार?" आता गाड्या वाढल्या आणि प्रश्नही बदलला. "मोबाइल कसा पॅडवर नुसता ठेवतो, तसं गाडीचं कधी होणार?" गंमत म्हणजे हे विचारणारा माणूस पुढच्याच श्वासात म्हणतो, "पण त्याचं रेडिएशन किती असेल हो?" हवंही आहे आणि भीतीही आहे. पार्किंगमध्ये, जिन्यात आणि वार्षिक सभेनंतरच्या चहावर मी जी उत्तरं देत आलो, ती इथे एका जागी लिहून ठेवतोय. म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

हे चालतं तरी कसं?

घरात इंडक्शन शेगडी असेल तर तुम्ही हे रोज पाहता. काचेखाली तांब्याची वेटोळी असते, तिच्यातून वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह जातो, त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पातेल्याच्या बुडात वीज उमटून ते तापतं. गाडीच्या बाबतीत पातेल्याच्या जागी दुसरी वेटोळी असते. एक कॉइल जमिनीवरच्या पॅडमध्ये आणि दुसरी गाडीच्या पोटाखाली. खालच्या कॉइलमध्ये सेकंदाला साधारण ८५ हजार आवर्तनं होणारा प्रवाह सोडला की वरच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. ती एकदिश करून बॅटरीत भरायची. मूळ तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं, म्हणजे त्यात नवीन काही नाही.

नवीन आहे ते मधलं अंतर. शेगडीवर पातेलं काचेला टेकलेलं असतं, गाडीखाली मात्र वीतभर पोकळी असते. एवढ्या अंतरावरून वीज न्यायची तर दोन्ही कॉइल एकाच कंप्रतेला जुळवाव्या लागतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मारिन सोल्याचिच यांच्या गटाने असंच जुळवून दोन मीटर अंतरावरचा ६० वॉटचा दिवा लावून दाखवला. तेव्हा सुमारे ४० टक्केच वीज पलीकडे पोचत होती. गाडीखाली अंतर त्यापेक्षा फार कमी असल्याने तिथलं गणित बरंच बरं आहे.

मोबाइलचा पॅड तर तापतो. मग गाडीत निम्मी वीज वाया जात असेल?

नाही. मोबाइलच्या पॅडवरून अंदाज बांधू नका. तो पाच-पंधरा वॉटचा, स्वस्तातला, आणि फोन जरा सरकला की निम्मं काम बिघडतं. गाडीसाठी अमेरिकेतल्या एसएई संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये 'जे-२९५४' नावाचं मानक काढलं. त्यानुसार गाडी नीट लावली असेल तर भिंतीपासून बॅटरीपर्यंत किमान ८५ टक्के वीज पोचलीच पाहिजे. चांगल्या यंत्रणा ९० च्या पुढे जातात. आणि केबलने चार्ज करतानाही शंभरच्या शंभर टक्के पोचत नाहीत हे आपण विसरतो. गाडीतला चार्जर गरम होतो, तीही गळतीच.

हिशोब करून पाहू. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात आणि बॅटरीत १५० युनिट भरले असं धरा. केबलने ९२ टक्के पोचले तर मीटरवर १६३ युनिट दिसतील, बिनवायरने ८८ टक्के पोचले तर १७० च्या आसपास. फरक सात युनिटांचा. दहा रुपये युनिट धरलं तर महिन्याला सत्तर रुपये. पुण्यात आता त्यात धड मिसळही येत नाही. वीज वाया जाते हा आक्षेप खोटा नाही, पण त्यापायी कोणी निर्णय फिरवेल असं मला वाटत नाही.

रेडिएशनचं काय? खरं सांगा.

'रेडिएशन' हा एकच शब्द आपण एक्स-रेपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळ्याला लावतो, तिथेच घोळ होतो. ८५ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८५ हजार आवर्तनं, ही कंप्रता रेडिओच्या मध्यम लहरींपेक्षाही खालची आहे. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर ऐकत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. एक्स-रेसारखं पेशीतले रेणू तोडण्याइतकं बळ या लहरींत नसतं.

म्हणून पॅडवर झोपायला हरकत नाही असंही नाही. जोरदार बदलत्या चुंबकीय क्षेत्राने शरीरात सूक्ष्म प्रवाह उमटतात, आणि फार जोर असेल तर नसांना झिणझिण्या येऊ शकतात. त्यासाठी आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत सामान्य माणसासाठी या पट्ट्यात २७ मायक्रोटेस्ला (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) ही मर्यादा ठरवली. गाडीच्या बाजूला उभं राहिलात किंवा आत बसलात तर क्षेत्र या मर्यादेच्या आत राहिलं पाहिजे, अशी अट घालूनच यंत्रणा बनवतात. गाडीखाली, दोन कॉइलच्या मध्ये, ते यापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणजे जागा महत्त्वाची. गाडीशेजारी उभं राहून गप्पा मारा, पण चार्जिंग चालू असताना पडलेली किल्ली काढायला हात खाली घालू नका.

कोणी तुम्हाला "पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रसुद्धा चाळीसेक मायक्रोटेस्ला असतं, मग घाबरता कशाला" असं सांगितलं तर मान डोलवू नका. ते क्षेत्र स्थिर असतं, हे सेकंदाला हजारो वेळा बदलतं. असली तुलना करून लोकांची भीती जात नाही. उलट चार दिवसांनी कोणीतरी चूक दाखवतो आणि आधीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आमच्या आजोबांना पेसमेकर आहे.

हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेऊ नये. पेसमेकर असलेल्यांसाठी मर्यादा आणखी कडक धरतात, १५ मायक्रोटेस्ला. गाडीत बसायला किंवा शेजारून जायला प्रमाणित यंत्रणेत अडचण येऊ नये, पण पॅडपाशी वाकणं टाळायचं. आणि त्यांच्या डॉक्टरांना उपकरणाचं कार्ड दाखवून एकदा विचारून घ्यायचं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही, डॉक्टरांना.

गाडीखाली मांजर बसलं तर?

आमच्याकडे तीन बसतात. थंडीत तर गाडीखालची ऊबदार जागा त्यांचीच. म्हणून चांगल्या यंत्रणेत दोन पहारेकरी असतात. एक जिवंत काही आत शिरलं का ते पाहतो, दुसरा धातूचं काही पडलंय का ते. पहिल्यामुळे मांजर वाचतं. आपल्याकडे मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. पॅडवर पाच रुपयांचं नाणं पडलं तर ते शेगडीवरच्या पातेल्यासारखं तापेल. पार्किंगमध्ये सकाळी झाडू मारताना काय निघतं ते पाहिलंय कधी? गुटख्याच्या चकचकीत पुड्या, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, बाटलीची बुचं, फटाक्यांच्या दिवसांत फुलबाज्यांच्या तारा. पातळ धातूचा मुलामा असलेली पुडी तापून धुमसू शकते. यंत्रणेने वस्तू ओळखून चार्जिंग थांबवलं तर ते तिचं काम चोख झालं. पण सकाळी गाडी अर्धवट चार्ज दिसली की मालक कोणाला शिव्या घालणार? वायरलेसलाच.

पावसात, तुंबलेल्या पाण्यात चालेल?

पावसात केबलपेक्षा हेच बरं. पॅड पूर्ण बंद असतो, उघडा धातू कुठेच नाही. जुलैत भर पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चिखलाने बरबटलेली केबल गुंडाळत मी उभा असतो तेव्हा मला याचा मोह होतो, तो खराच. पण पॅडला वीज पुरवणारी पेटी भिंतीवर असते. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं, तसली वेळ आली तर पेटी किती उंचावर बसवलीय यावर सगळं ठरेल. हे केबलच्या चार्जरलाही तितकंच लागू आहे.

किती वेळ लागतो?

मानकात घरगुती वापरासाठी ३.७, ७.७ आणि ११ किलोवॉट असे टप्पे आहेत. ३० युनिटांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर ७.७ च्या पॅडवर साडेचार तासांच्या आसपास. रात्री लावली की सकाळी तयार. हायवेवरच्या फास्ट चार्जरशी याची तुलना नको, दोघांची कामं वेगळी.

गाडी पॅडवर नेमकी लावायची म्हणजे कटकटच की!

कटकट आहे, पण वाटते तेवढी नाही. मानकात पुढे-मागे साडेसात आणि डावी-उजवीकडे दहा सेंटिमीटरची चूक चालते. २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने ५३०ई या प्लग-इन गाडीसाठी ३.२ किलोवॉटचा पॅड आणला होता. तिच्या पडद्यावर वरून घेतलेलं चित्र आणि रंगीत रेषा दिसत आणि चालक त्या पाहून गाडी जागेवर आणत असे. दोनचार दिवसांत हात बसतो.

आपली खरी अडचण उंचीची आहे. गतिरोधकांमुळे आपल्या गाड्या जमिनीपासून उंच असतात, १७ ते २१ सेंटिमीटर अगदी सर्रास. अंतर वाढलं की कॉइल मोठी लागते, बाजूला सांडणारं क्षेत्र आवरणं अवघड होतं आणि खर्च चढतो. मानकात १७ ते २५ सेंटिमीटर अंतराचा वर्ग आहे, म्हणजे होऊ शकतं, स्वस्तात होत नाही. पोर्शने २०२५ मध्ये इलेक्ट्रिक कायेनसाठी ११ किलोवॉटचा, सुमारे ५० किलो वजनाचा पॅड दाखवला. त्यावर आल्यावर ती गाडी स्वतःच खाली बसते. हवेच्या सस्पेन्शनची ती चैन आपल्या बारा लाखांच्या गाडीला कुठून मिळणार?

दुचाकीचं विचाराल तर स्टँडवर तिरपी उभी राहणारी स्कूटर आणि सपाट पॅड यांचं जमत नाही. आणि जिथे बॅटरी काढून घरात नेता येते किंवा नाक्यावर बदलून मिळते, तिथे लोकांना पॅड कशाला हवा?

हे आधी कुणी करून पाहिलं नाही का?

पाहिलं, आणि तीच गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ईव्ही१ ही गाडी आणली. तिला आजच्यासारखी गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, नव्हती. प्लास्टिकचं चपटं वल्हं होतं, गाडीच्या नाकावरच्या खाचेत सरकवायचं. धातूला धातू कुठेच लागत नसे, वीज चुंबकीय क्षेत्रातून जायची. पावसात ओल्या हाताने वापरा, शॉक लागायची भीती नाही. टोयोटाची आरएव्ही४ आणि निसानची अल्ट्रा याही त्याच पंथातल्या. फोर्ड आणि होंडा मात्र साध्या प्लगवर ठाम. कॅलिफोर्नियात सार्वजनिक जागी दोन जातींचे चार्जर उभे राहिले. तुमच्या जातीचा रिकामा नसेल तर पुढे चला. शेवटी २००१ मध्ये तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाने प्लगच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने वल्ह्याची यंत्रणा गुंडाळली.

वल्ह्याने कोणी आजारी पडलं नव्हतं, फार वीजही वाया जात नव्हती. ते हरलं कारण समोरच्या खांबावर कुठला चार्जर असेल याचा भरवसा नव्हता. आज एका कंपनीच्या पॅडवर दुसरीची गाडी चालली पाहिजे, असा मानकाचा आग्रह आहे तो यामुळेच.

मग लोक हे स्वीकारतील का? एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही जमणार. लोक नवं तंत्र का घेतात यावर फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेली चौकट अजून वापरतात: माणूस दोन गोष्टी पाहतो, उपयोग किती वाटतो आणि वापरायला सोपं किती वाटतं. 'वाटतो' हा शब्द महत्त्वाचा. आता स्वतःला विचारा, घरी गाडीला गन लावायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून पाहिलं. दार बंद केल्यापासून हिरवा दिवा लागेपर्यंत अकरा सेकंद. अकरा सेकंद वाचवायला जास्तीचे पैसे, जमिनीत खोदकाम आणि सेक्रेटरींची मनधरणी? ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा आहे त्याला हा सौदा पटायला वेळ लागेल.

आता टॅक्सी स्टँडवर या. रांग पुढे सरकते, प्रत्येक गाडी दोन-चार मिनिटं थांबते आणि पुढे जाते. तिथे प्रत्येक वेळी उतरून गन कोण लावणार? ऑस्लोमध्ये २०२० च्या सुमारास २५ जग्वार टॅक्सींसाठी स्टँडच्या जमिनीतच ५० ते ७५ किलोवॉटचे पॅड बसवायची योजना जाहीर झाली, नॉटिंगहॅममध्ये नऊ टॅक्सींवर प्रयोग ठरला. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने हा वेळ फुकटचा आहे, तो तसाही रांगेत बसलेलाच असतो. आपल्या स्टेशनाबाहेरची रिक्षांची रांग डोळ्यांसमोर आणा, अगदी तीच गत.

बसचं तर सिद्धच झालंय. इटलीत जिनोआ आणि तुरिनमध्ये २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून छोट्या बस शेवटच्या थांब्यावर पॅडवर चार्ज होत आल्या. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये जानेवारी २०१४ पासून ७ नंबरच्या मार्गावर आठ बस धावल्या. टोकाला दहा मिनिटं थांबल्या की फेरीत खर्च झालेल्या विजेपैकी सुमारे दोन तृतीयांश परत भरायची. प्रवाशांना काही पत्ताच नाही. बस आली, बसलो, उतरलो. स्वीकार व्हावा तर असा, कोणाला विचारावंही लागू नये.

आणि एक वर्ग आपण नेहमी विसरतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या चालकाला, संधिवाताने बोटं वाकलेल्या आजींना फास्ट चार्जरची जाड, जड केबल उचलणं म्हणजे शिक्षा असते. त्यांच्यासाठी ते अकरा सेकंद अकरा सेकंद नसतात. सार्वजनिक पार्किंगमधल्या राखीव जागांवर आधी पॅड बसवले तर मी आनंदाने त्या ठरावावर सही करीन.

रस्त्यावर चालता चालता चार्जिंग होतं म्हणे?

होतं. दक्षिण कोरियात काइस्ट या संस्थेच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये गुमी शहरात २४ किलोमीटरच्या मार्गावर अशा बस सोडल्या. सगळा रस्ता उकरावा लागला नाही, ५ ते १५ टक्के भागाखाली तारा टाकल्या तरी पुरतं. स्वीडनच्या गोटलंड बेटावर सुमारे दीड किलोमीटर आणि अमेरिकेत डेट्रॉईटच्या १४ व्या रस्त्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये पाव मैल असे प्रयोग झाले. पण त्याच स्वीडनने ई२० महामार्गावर कायमचा विद्युत रस्ता करायची योजना २०२३ मध्ये थांबवली, निविदा आवाक्याबाहेर गेल्या म्हणून.

आमच्या गल्लीत डांबर पडलं की आठवड्यात कोणीतरी पाइपलाइनसाठी ते फोडतं. त्या रस्त्याखाली तांब्याच्या कॉइल? पुढच्या प्रश्नाकडे वळू.

आपल्याकडे काही चाललंय का?

हो, आणि नागपूरकरांनी कॉलर ताठ करावी असं. तिरुवनंतपुरमचं सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था आणि नागपूरचं व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी मिळून देशी वायरलेस चार्जर तयार केला आणि २०२५ मध्ये त्याचं तंत्रज्ञान उद्योगाला हस्तांतरित झालं. ताकद १.५ किलोवॉट, दोन कॉइलमधलं अंतर साडेबारा सेंटिमीटर, कार्यक्षमता ८९.४ टक्के, आणि ४.८ युनिटांची बॅटरी तीन तासांच्या आसपास ९० टक्क्यांपर्यंत भरते. आकडे छोटे वाटतील, पण ते कशाला जुळतात बघा: ४८ व्होल्टची बॅटरी, म्हणजे ई-रिक्षा आणि हलकी मालवाहू तीनचाकी. मोठ्या मोटारींचा मोह सोडून आपल्याकडे जे रोज दहा तास रस्त्यावर असतं त्याचा विचार केलाय. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

बसचंही एक सांगतो. पुण्यात पीएमपीच्या ई-बस २०१९ पासून आहेत, एसटीची शिवाई १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. या बस केबलनेच चार्ज होतात आणि डेपोत माणूस हाताशी असतो, त्यामुळे तिथे घाई नाही. शहरातल्या टोकाच्या थांब्यांवर मात्र एखादा प्रयोग करून पाहायला हरकत नसावी.

सोसायटी परवानगी देईल का?

इथे खरी परीक्षा आहे. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटसाठी लोकांचे जोडे झिजले आहेत. माझ्या एका मित्राला त्याच्या सोसायटीत (नाव नको) सात महिने लागले. आधी लोड नाही म्हणाले, मग इन्शुरन्स, मग "सगळ्यांनी मागितलं तर?" पॅडच्या बाबतीत यात एकाची भर पडते: फरशीत काहीतरी कायमचं बसवायचं. सामाईक जागेत खोदायचं म्हटलं की वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे सभासदही एक होतात.

परवानगी मागायचीच असेल तर 'वायरलेस' हा शब्द सभेत आधी उच्चारू नका, मोबाइल टॉवरच्या आठवणी जाग्या होतात. महावितरणकडून ईव्हीसाठी स्वतंत्र मीटर, पात्रताधारक कंत्राटदाराने काढलेली वायरिंगची आकृती आणि न खोदता वर ठेवायचा पॅड, एवढं कागदावर घेऊन जा. आणि समिती सदस्यांपैकी एकाला तरी आधी प्रत्यक्ष गाडी चालवायला द्या. माझा अनुभव असा की माहितीपत्रकापेक्षा नदीकाठची एक चक्कर जास्त मतं फिरवते.

मी दिवाळीत गाडी घेतोय. वायरलेससाठी थांबू का?

थांबू नका. गाडी घ्या, गन वापरा. फक्त मीटरपासून पार्किंगच्या जागेपर्यंत वायर ओढाल तेव्हा पाइप एक साइज मोठा टाका आणि भिंतीपाशी न संपवता फरशीच्या कडेपर्यंत आणून त्याचं तोंड बुचाने बंद करून ठेवा. आमच्याकडे ते न केल्यामुळे आता दुसऱ्यांदा भिंत फोडायची वेळ आलीय, आणि गवंडी दसऱ्यानंतर बघू म्हणतो.